मॉन्टगोमरी काउंटीची क्लायमेट पॉलिसी: झाडं, बस, गॅस, कचरा, सगळ्याचा एकत्र रिव्ह्यू

मेरीलँडमधल्या मॉन्टगोमरी काउंटीत, म्हणजे जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग, गेदर्सबर्ग, रॉकव्हिल, बेथेस्डा, सिल्व्हर स्प्रिंग या पट्ट्यात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात, फुकट झाड कुठनं मिळतं, बस खरंच फुकट झालीये का, दुकानात प्लास्टिकची पिशवी का देत नाहीत, काउंटी आता आपली गॅसची शेगडी काढून नेणार का वगैरे. ही सगळी एकाच पॉलिसीची पिल्लं आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून मी सगळं एका दमात लिहितेय. मी जर्मनटाउनमध्ये राहते, घर स्वतःचं आहे, मागे बऱ्यापैकी यार्ड आहे, आणि यातल्या बहुतेक गोष्टी मी स्वतः वापरल्यात. एकूण रेटिंग पाचपैकी साडेतीन. ज्या गोष्टी थेट दारात येतात त्यांना पैकीच्या पैकी द्यायला माझी काही हरकत नाही, पण जे मोठे आकडे जाहीर केलेत तिथे काउंटी काठावर पास आहे, आणि कचऱ्यात तर माझ्या मते नापास.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथे काउंटीच्या हातात खूप काही असतं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात लाल डबा एसटीचा, वीज महावितरणची, शाळा झेडपीच्या, कचरा नगरपरिषदेचा, वर कलेक्टर वेगळे, प्रत्येकाचं टेबल वेगळं. इथे लोकल बस, कचरा, बांधकाम परवाने, पावसाच्या पाण्याचा निचरा, शाळांच्या बजेटचा मोठा वाटा, हे सगळं एकाच काउंटीच्या तिजोरीतनं चालतं. वीज तेवढी खासगी कंपन्यांची आणि त्यांच्यावर अंकुश राज्याचा. दहा लाखांच्या वर वस्ती, त्यामुळे काउंटीने मनावर घेतलं तर फरक पडतोच. डिसेंबर २०१७ मध्ये इथल्या कौन्सिलने (काउंटीचं निवडून आलेलं सभागृह) ठराव केला की २००५ च्या तुलनेत कार्बन उत्सर्जन २०२७ पर्यंत ८० टक्के कमी करायचं आणि २०३५ पर्यंत १०० टक्के. मग जून २०२१ मध्ये क्लायमेट अॅक्शन प्लॅन आला, त्यात ८६ कामं लिहिलीत. मी तो पीडीएफ वाचलाय, जाडजूड आहे, भाषा सरकारी आहे, पण प्रामाणिक आहे, कुठे काय अडतंय ते लपवलेलं नाही. त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा: इथल्या उत्सर्जनातला साधारण निम्मा वाटा इमारतींचा आणि चाळीसेक टक्के वाहतुकीचा. बाकी सगळं उरलेल्यात. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आता झाडं, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. ट्री मॉन्टगोमरी नावाची योजना आहे, त्यात काउंटी तुमच्या यार्डात येऊन सावलीचं झाड लावून जाते, एक पैसा घेत नाही. पैसे कुठून येतात? २०१३ च्या ट्री कॅनोपी कायद्याने बिल्डरने बांधकामात झाडांची सावली घालवली तर त्याला भरपाईची झाडं लावावी लागतात किंवा फी भरावी लागते, त्या फीतून हे चालतं. मला ही कल्पनाच इतकी आवडली ना, ज्याने झाड तोडलं त्याच्याच पैशातून दुसऱ्याच्या अंगणात झाड. ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग त्यांचा माणूस येऊन जागा बघतो. आमच्याकडे आलेल्या बाई आधी जमिनीकडे बघतच नव्हत्या, मान वर करून तारा कुठून जातात ते बघत होत्या, मग घराच्या भिंतीपासून पावलं मोजली, ऊन कुठल्या बाजूने येतं ते विचारलं आणि सांगितलं की तुम्हाला मागच्या कोपऱ्यात हवंय पण पश्चिमेला लावलं तर उन्हाळ्यात दुपारचं ऊन अडेल आणि एसीचं बिल उतरेल. जागेवर छोटं निशाण खोचून गेल्या. लागवड पावसाळ्यात वगैरे नाही हां, इथे फॉल (पानगळ) किंवा स्प्रिंगमध्येच (वसंत) करतात, त्यामुळे जूनमध्ये अर्ज करून जुलैत झाडाची वाट बघू नका.

आम्हाला स्वॅम्प व्हाइट ओक मिळाला. मी मनात छोटंसं रोप धरून चालले होते, पण ट्रकमधून उतरलं ते माझ्या डोक्याच्या वर गेलेलं झाड, मुळाशी मातीचा हा एवढा गोळा. दोघा माणसांनी खड्डा घेतला, झाड ठेवलं, खोडाभोवती मल्च (लाकडाच्या सालीचा चुरा) पसरलं पण खोडाला चिकटू दिलं नाही, मधे बोटभर मोकळी जागा ठेवली, आणि बाहेरून तारेची जाळी लावली कारण इथे हरणं फॉलमध्ये शिंगं घासून कोवळ्या खोडाची साल सोलून काढतात. हे सगळं फुकट, आणि मन लावून केलेलं. अट एकच, पहिली दोन वर्षं पाणी तुम्ही घालायचं. ही अट हलक्यात घेऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस दडी मारतो तेव्हा आठवड्यातून एकदा तरी मुळाशी भरपूर पाणी लागतं, वरवर पाइप मारून चालत नाही. आमच्या आईबाबांचा मुक्काम त्या उन्हाळ्यात इथे होता म्हणून आमचं झाड जगलं असं मी म्हणेन, बाबा सकाळी उठून आधी झाडाकडे जायचे. योजनेला पाचपैकी पाच. क्लार्क्सबर्गसारख्या नव्या वस्त्यांमधल्या लोकांनी तर घ्यायलाच हवं, तिथे रस्त्यावर सावली नावाला नाही.

त्याला लागूनच रेनस्केप्स, म्हणजे पावसाचं पाणी यार्डातच जिरवायची योजना. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात वॉटर क्वालिटी प्रोटेक्शन चार्ज म्हणून एक ओळ असते, तुमच्याकडे छप्पर, ड्राइव्हवे असं टणक, पाणी न जिरणारं किती आहे त्यावर तो ठरतो. बहुतेक जण ती ओळ न बघता बिल भरतात. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की रेन बॅरल, रेन गार्डन, पाणी जिरवणारे पेव्हर असं काही केलंत तर काउंटी रिबेट देते. काम सुरू करायच्या आधी मंजुरी घ्यायची, नंतर पावती दाखवून उपयोग नाही, हे ठळक अक्षरात समजा. आणि तुम्ही रॉकव्हिल शहराच्या हद्दीत असाल तर त्यांची योजना वेगळी आहे, तिकडे विचारा. रेन बॅरल आम्ही घेतलं, छपराच्या नळीखाली ठेवलंय, मेथी-मिरच्यांना तेच पाणी जातं. कंपोस्टचा बिनही काउंटीकडून फुकट मिळतो, शेडी ग्रोव्हच्या ट्रान्सफर स्टेशनवरून आणता येतो. आणि फॉलमध्ये जी पानं आणि गवत गोळा होतं त्याचं डिकर्सनला खत होतं, तेच लीफग्रो नावाने गार्डन शॉपमध्ये पोत्यातून विकतात. चांगलं खत आहे, माझ्या मिरच्या साक्षीला आहेत. डिकर्सन हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे, आणि तिथे मी असं गोड बोलणार नाहीये.

बस. २९ जून २०२५ पासून राइड ऑन, म्हणजे काउंटीची लोकल बस, पूर्ण फुकट आहे. सगळ्यांना, सगळ्या रूटवर. कार्ड टॅप करायचं नाही, चढायचं आणि बसायचं. कोविडच्या आधी दोन डॉलर होतं, मग एक डॉलर केलं, आता शून्य. मेट्रोचं तिकीट अर्थातच लागतं, आणि मेट्रोच्या मोठ्या बस वेगळ्या, त्यांनाही लागतं, गोंधळ करू नका, काउंटीची ती राइड ऑन.

याचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झालाय सांगू? भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना. इथे लायसन्स नाही, गाडी नाही, मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं शाळेत, आणि माणूस दिवसभर घरात अडकलेला, खिडकीतून बघत. माझ्या आईने हयात एसटीत काढलीये, चिपळूण ते गुहागर, चिपळूण ते कराड, तिला बसची भीती कधीच नव्हती, तिला अडचण होती ती कार्ड, पैसे, मशीन आणि इंग्लिशमधून ड्रायव्हरला काय सांगायचं याची. ते सगळंच गेलं. आता बाबांना घेऊन जर्मनटाउन ट्रान्झिट सेंटरवरून लायब्ररीत जाते, तिकडून दुकानात, परत येते, आणि संध्याकाळी आम्हाला सांगते की आज बसमध्ये कोण भेटलं. एल साल्वाडोरच्या एका आजींशी तिची ओळख झालीये, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही तरी शेजारी बसतात. क्लायमेट पॉलिसीत असलं काही लिहिलेलं नसतं, पण गाडीची एक फेरी वाचली आणि आईचा दिवस चांगला गेला, दोन्ही त्याच बसने झालं.

ऑफिसला जाणाऱ्यांसाठी १०० नंबर आहे, जर्मनटाउनहून दोनशे सत्तर नंबर हायवेवरून थेट शेडी ग्रोव्ह मेट्रो. तो चांगला आहे. बाकी अपकाउंटीत (काउंटीच्या उत्तरेकडच्या भागात) मात्र फुकट असूनही लोक गाडी सोडत नाहीत याचं कारण सरळ आहे, बऱ्याच रूटवर दोन बसमधलं अंतर अर्धा तास. एक चुकली की तुम्ही थंडीत उभे. तिकीट काढून टाकणं सोपं, बस वाढवणं महाग, आणि उत्सर्जन कमी व्हायचं असेल तर बस वाढवणंच लागतं. सिल्व्हर स्प्रिंगच्या बाजूला २९ नंबर हायवेवर २०२० पासून फ्लॅश बस आहे, लांबलचक, भराभर येणारी. तशी ३५५ नंबर रस्त्यावर पाहिजे, आणि लवकर पाहिजे.

बस इलेक्ट्रिक करण्यात मात्र काउंटीने खरोखर काम केलंय. सिल्व्हर स्प्रिंगला ब्रुकव्हिल डेपो आहे, २०२२ मध्ये तिथे मायक्रोग्रिड सुरू केला, म्हणजे पार्किंगवर सोलरचं छप्पर, बॅटऱ्या, स्वतःची वीजनिर्मिती, एकूण साडेसहा मेगावॉटची व्यवस्था, साधारण ७० इलेक्ट्रिक बस चार्ज करता येतील एवढी. वादळात बाहेरची वीज गेली तरी बस चालू राहणार. त्याची रचना पण हुशारीची आहे, काउंटीने सुरुवातीला मोठी रक्कम घातली नाही, कंपनीने बांधला आणि काउंटी सेवेचे पैसे भरते. हे मला आपल्याकडच्या महापालिकांनीही येऊन बघावं असं वाटतं.

शाळेच्या बसचं मात्र गाडं रखडलं. २०२१ मध्ये इथल्या स्कूल सिस्टिमने ३२६ इलेक्ट्रिक स्कूल बसचा करार केला, तेव्हा देशातला सगळ्यात मोठा म्हणून गाजला. पुढे बस वेळेवर आल्याच नाहीत, मधल्या काळात नव्या डिझेल बस घ्याव्या लागल्या, आणि उशीर झाला म्हणून करारात जो दंड लावता आला असता तोही लावला नाही, असं काउंटीच्याच इन्स्पेक्टर जनरलने (कारभार तपासणारा अधिकारी) २०२४ मध्ये लिहिलं. करार कितीही सुंदर असो, त्यावर रोज लक्ष ठेवणारा माणूस लागतो. माझी मुलं त्या बसने जातात, डिझेलचा धूर स्टॉपवर उभ्या असलेल्या मुलांच्या नाकातोंडात जातो, म्हणून मला यात जास्त तळमळ आहे.

पिशव्यांचं पटकन सांगते. २०१२ पासून इथे पिशवीला पाच सेंट होते, १ जानेवारी २०२६ पासून गल्ल्यावरची प्लास्टिक पिशवी बंदच, कागदी पिशवीला दहा सेंट. भाजी भरायच्या पातळ पिशव्या चालतात. आपल्याला कापडी पिशवी नवीन नाही, गाडीत चार ठेवा, विषय संपला. कार्बनच्या हिशोबात हे फार मोठं नाही पण ओढ्यांमध्ये, झाडांवर अडकलेल्या पिशव्या दिसायच्या त्याला आळा बसेल, मला तेवढंही पुरे आहे.

लीफ ब्लोअरवर मात्र ग्रुपवर भांडणं झालीत. सप्टेंबर २०२३ मध्ये कायदा झाला, १ जुलै २०२४ पासून पेट्रोलवरच्या ब्लोअरची विक्री बंद, १ जुलै २०२५ पासून वापर बंद. जुना मोडीत काढून बॅटरीवाला घेतला तर रिबेटही ठेवला होता. हे चोचले आहेत असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की ते मशीन दिवसभर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या कानाचा आणि फुफ्फुसाचा विचार करा. टू-स्ट्रोक इंजिन, तेल मिसळलेलं पेट्रोल, धूर तोंडाशी. त्यातले बहुतेक जण रोजंदारीवर आहेत, तक्रार करायची सोय नाही. आमच्या आजूबाजूला फॉलमध्ये खरंच शांतता वाढलीये. एका वस्तीतला कंत्राटदार अजून जुनीच मशीन आणतो, शेजाऱ्यांनी मिळून एचओएच्या (वस्तीतल्या घरमालकांची सोसायटी) मीटिंगला विषय काढला, आता पुढच्या करारात बॅटरीची अट घालणार आहेत. अंमलबजावणी सगळी तक्रारीवर चालते, त्यामुळे बोलल्याशिवाय काही होत नाही.

आता गॅस. शांतपणे वाचा आणि फॉरवर्ड करा, कारण यावर सगळ्यात जास्त खोटं फिरतंय. तुमच्या घरातली शेगडी कुणीही काढून नेणार नाहीये. नोव्हेंबर २०२२ मध्ये जो कायदा झाला तो नव्या बांधकामाचा आहे, नवीन इमारती पूर्ण इलेक्ट्रिक असाव्यात, आणि त्याचे नियम २०२६ संपायच्या आत करायचेत. जुन्या घरांना हात लावलेला नाही. बिल्डर संघटना आणि गॅस कंपनीने मिळून २०२४ मध्ये यावर फेडरल कोर्टात केस घातली, त्यावरून समजा हा विषय किती पैशाचा आहे ते. माझं मत विचाराल तर कायदा योग्य आहे. आज बांधलेलं घर पन्नास वर्षं उभं राहणार, त्यात आज गॅसची लाइन टाकायची आणि २०३५ ला शून्य म्हणायचं, हे जमणारं नाही. आणि भाकरीचं म्हणाल तर, मला माहितीये प्रश्न तिथेच येतो, इंडक्शनवर बिडाच्या तव्यात भाकरी नीट भाजते, फक्त शेवटी आचेवर टाकून फुगवायचं ते जमत नाही, त्याला तव्यावरच ओल्या फडक्याने दाबत फिरवायची, फुगते. फुलके जाळीवर करणाऱ्यांना सवय बदलावी लागेल हे खरं आहे. पण घरातल्या गॅसमधला मोठा हिस्सा शेगडीत जळतच नाही, तो जातो फर्नेस आणि गरम पाण्यात. तिथे हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेवरचं यंत्र) बसवला तर कुणाच्या भाकरीला धक्का लागत नाही.

मोठ्या जुन्या इमारतींसाठी वेगळा कायदा आहे. २०१४ मध्ये ऊर्जेचा वापर मोजून जाहीर करायची सक्ती करणारी ही देशातली पहिली काउंटी, आणि २०२२ मध्ये त्याच्या पुढे जाऊन ठरवलं की २५ हजार स्क्वेअर फुटांच्या वरच्या इमारतींनी वापर ठरावीक पातळीपर्यंत खाली आणलाच पाहिजे. हाच खरा गाभा आहे या सगळ्याचा, कारण वर सांगितलं तसं निम्मं उत्सर्जन इमारतींचं. पण कॉन्डोत (मालकीच्या फ्लॅटच्या इमारतीत) राहणाऱ्यांची काळजी मी समजू शकते, जुन्या बॉयलरची बिल्डिंग, रिटायर झालेले मालक, आणि खर्च आला की महिन्याची फी वाढणार. इथे ग्रीन बँक उपयोगाची आहे. काउंटीने २०१६ मध्ये काढलेली ही देशातली पहिली काउंटी पातळीवरची ग्रीन बँक, सुरुवातीचं भांडवल एक्सेलॉन आणि पेपको या वीज कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या तडजोडीतून आलं, आणि २०२२ पासून फ्युएल एनर्जी टॅक्सचे दहा टक्के तिला जातात. तो टॅक्स तुम्ही वीजबिलात भरताच आहात. असोसिएशनना कर्ज, घरमालकांना पार्टनर क्रेडिट युनियनतर्फे स्वस्त कर्ज असं ती करते. तुमच्या कॉन्डो बोर्डावर कुणी मराठी माणूस असेल तर त्याला हे आजच सांगा. भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट, उन्हाळ्यात, १ जून ते ३० सप्टेंबर, घरमालकाने एसी चालू स्थितीत द्यायचा आणि घर ८० डिग्री फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचं नाही असा इथे २०२० पासून कायदा आहे. नवीन आलेल्या मुलामुलींना हे माहीतच नसतं, गुपचूप फॅन घेऊन बसतात. ३११ ला (काउंटीची हेल्पलाइन) फोन करा, इतर भाषांमध्येही मदत मिळते.

सोलरबद्दल थोडक्यात, केंद्र सरकारची घरासाठीची ३० टक्के टॅक्स क्रेडिट २०२५ च्या शेवटी संपली, त्यामुळे दारावर येऊन अजून तीच गाजरं दाखवणारा सेल्समन आला तर दार लावून घ्या. आमच्याकडे एका कंपनीचा आला होता, अगदी काउंटीचाच माणूस असल्यासारखा बोलत होता, आयकार्ड मागितल्यावर निघून गेला. शेतजमिनीवर सोलर हा इथला जुना वाद. १९८० पासून काउंटीचा जवळजवळ तिसरा भाग, ९३ हजार एकर, शेतीसाठी राखीव आहे, आणि २०२१ मध्ये कौन्सिलने तिथे सोलर फार्मवर इतक्या अटी घातल्या की ते जवळपास अशक्य झालं. मला शेती वाचवणं पटतं, कोकणातल्या बाईला सुपीक जमिनीवर काच टाकलेली बघवणार नाही, पण मग मॉलचे आणि ऑफिसचे हे अजस्र पार्किंग लॉट आहेत तिथे सक्ती करा की. दोन्हीकडे नाही म्हणून २०३५ गाठता येणार नाही.

आणि आता डिकर्सन. खत होतं त्याच गावात काउंटीची कचरा जाळायची भट्टी आहे, १९९५ पासून. तुमच्या-माझ्या घरातली काळी पिशवी डरवूडच्या, म्हणजे वर सांगितलेल्या शेडी ग्रोव्हच्याच, ट्रान्सफर स्टेशनला जाते, तिथे कंटेनरात भरतात आणि मालगाडीने डिकर्सनला नेऊन जाळतात, दिवसाला अठराशे टनांपर्यंत क्षमता. शेजारचं कोळशाचं वीजकेंद्र २०२० मध्ये बंद झालं, भट्टी मात्र चालूच. २०१८ मध्ये मार्क एलरिच काउंटी एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे काउंटीच्या प्रमुखपदाच्या, निवडणुकीला उभे राहिले ते ही बंद करणार असं सांगत. निवडून आले, परत निवडून आले, मी हे लिहितेय तोवर भट्टी पेटलेली आहे. त्यांची अडचण मला कळते, बंद केली तर कचरा ट्रकने दुसऱ्या राज्यातल्या डंपिंगवर जाणार, तिथल्या लोकांच्या माथी, आणि तिथे मिथेन होणार. पण याचं उत्तर पहिल्यापासून समोर आहे, ओला कचरा वेगळा करा. आजही बहुतेक भागात काउंटी घरोघरून ओला कचरा उचलत नाही, ठरावीक जागी नेऊन टाकायची सोय आहे, काही वस्त्यांत पायलट झाला, तेवढंच. माझ्या माहेरी ओला-सुका दोन डबे ही आता सवयीची गोष्ट आहे. इतकी श्रीमंत, इतकी शिकलेली काउंटी, आणि कलिंगडाची सालं रेल्वेने नेऊन जाळतेय, ज्यात नव्वद टक्के पाणी असतं. याला मी शून्य देते आणि त्यात मला काही वाटत नाही.

पुराबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, माझ्या काकांचं दुकान वरच्या फळीपर्यंत गेलं, आम्ही इथे रात्रभर फोन लावत बसलो होतो. दोन महिने पण झाले नव्हते, १ सप्टेंबरला पहाटे आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने रॉकव्हिलच्या रॉक क्रीक वुड्स अपार्टमेंटच्या तळघरातल्या घरांत पाणी भरलं आणि एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. तिथे राहणारे बरेचसे कष्टकरी, स्थलांतरित. कार्बन कमी करणं एक, आणि येणाऱ्या पावसासाठी गटारं, ओढे, तळघरं तयार ठेवणं दुसरं, या दुसऱ्याला सगळीकडेच उशिरा जाग येते. त्यानंतर काउंटीने पूर्ण पूर-व्यवस्थापन आराखडा हातात घेतला, चांगली गोष्ट आहे, पण मोठे पाइप जमिनीत जाईपर्यंत वर्षं जाणार. तळमजल्यावर घर भाड्याने घेताना मागे ओढा कुठे आहे, खिडकीतून बाहेर पडता येतं का, हे बघूनच सही करा. आणि काउंटीचे अलर्ट फोनवर चालू करून ठेवा.

मग २०२७ चं ८० टक्क्यांचं काय? होणार नाही. २०२० पर्यंत घट साधारण ३० टक्के होती आणि ते कोविडचं वर्ष, रस्ते रिकामे. उरलेलं अंतर सात वर्षांत कापायचं होतं. लक्ष्य चुकलं म्हणून योजना बोगस असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण माझ्या मागे ओक उभा आहे आणि आई बसने फिरतेय. पण जिथे खरे आकडे आहेत तिथे, इमारती, गाड्या, कचरा, तिथे धाडस कमी पडलंय, आणि धाडस कमी पडतं कारण सुनावणीला विरोधातले लोक वकील घेऊन येतात आणि आपण येत नाही.

तर शेवटची माहिती त्याबद्दल. कौन्सिलच्या पब्लिक हिअरिंगला बोलायला सिटिझन असावं लागत नाही, एच-वन असो, ग्रीन कार्ड असो, चालतं. वेबसाइटवर आधी नाव नोंदवायचं, दोन-तीन मिनिटं मिळतात, लेखी पाठवलं तरी रेकॉर्डवर जातं. ज्यांना मत आहे त्यांच्यासाठी, २०२६ मध्ये काउंटी एक्झिक्युटिव्हची निवडणूक आहे आणि एलरिच यांना आता परत उभं राहता येत नाही, म्हणजे नवीन माणूस येणार, त्याला किंवा तिला प्रचारात भेटाल तेव्हा डिकर्सनची तारीख विचारा. ओल्या कचऱ्याचा विषय पुढच्या वेळी कौन्सिलपुढे आला की मी बोलणार आहे. जर्मनटाउन-क्लार्क्सबर्गमधून कुणाला यायचं असेल तर खाली कळवा, कौन्सिलची इमारत रॉकव्हिल मेट्रोपासून चालत जाण्यासारखी आहे आणि तिथपर्यंत राइड ऑन जाते.